दुसऱ्याचा मोकळा कुत्रा अंगावर धावून आला तर काय करायचं

पार्कात किंवा टेकडीवर आपण आपल्या कुत्र्याला पट्टा लावून नेतो आणि समोरून एखादा मोकळा सोडलेला लॅब्रेडॉर सुसाट येतो, मालक लांब मागे फोनवर, तिथूनच ओरडतो "काही नाही करत हो तो". अशा वेळी पळायचं नाही, पळालात की तो मागे लागणारच. पट्टा आखूड धरा पण ताणू नका, ताणला की आपलाच कुत्रा बिथरतो. त्याला आपल्या मागे घ्या, जरा तिरकं उभं राहा, समोरच्याच्या डोळ्यात बघू नका. मी खिशात बिस्किटांचा चुरा ठेवते, मूठभर त्याच्या पुढ्यात फेकायचा, तो हुंगत बसला की आपण निघायचं.

मालकाशी तिथल्या तिथे भांडू नका. "दादा, पट्टा लावा, माझा घाबरतो" एवढंच बोला. रोजचंच झालं तर व्हिडिओ काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या, भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये प्राणी सांभाळण्यात हलगर्जीपणा केला तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

आणि चावलाच तर आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, हळद-चुना-तिखट काहीही लावू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजचं इंजेक्शन घ्या. मालकाकडे कुत्र्याच्या लसीचं कार्ड जरूर मागा, पण ते येईपर्यंत थांबू नका.