पुजाऱ्याच्या हातात आधी वही द्या

१९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, पात्रं रंगवत खेळायचा खेळ आला, तेव्हापासून त्यात क्लेरिक, म्हणजे जखमा भरणारा पुजारी, आहेच. आणि तेव्हापासूनच बहुतेक टेबलांवर तो चालताबोलता दवाखाना असतो. देव बदलतो, माणूस तोच.

उपाय नाशिककराला शोधावा लागत नाही. रामकुंडावर जा. तीर्थोपाध्याय आधी मंत्र म्हणत नाहीत, आधी विचारतात, ‘गाव कोणतं? आडनाव?’ मग जुनी वही निघते आणि पणजोबा कधी येऊन गेले ते सापडतं. म्हणजे पुजारी ओळखू येतो तो त्याच्या रोजच्या कामावरून. तुमच्या पात्रालाही असंच एक काम द्या. समजा, नदीदेवीचा हा पुजारी वंशावळी राखतो. राजाचं घराणं त्याच्या वहीत नाहीच! डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, महिनाभराचा मसाला मिळाला.

जखम भरण्याचा मंत्रही कामातून येऊ द्या: नदीवाला ओला पंचा पिळेल, खंडोबाच्या वाघ्यासारखा भक्त भंडारा उधळेल. नियम तेच, फासे तेच, फक्त वर्णन वेगळं. (दर वेळी पाच मिनिटं वर्णन नको, बाकीचे चहाला उठतात.)

दक्षिणा काय घेतो, तेही ठरवा. आणि कोणाला दार उघडत नाही, हे तर नक्कीच. काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सत्याग्रह करावा लागला होता. तुमच्या पुजाऱ्याच्या देवळाबाहेर कोण उभं आहे, आणि तो स्वतः दाराच्या कोणत्या बाजूला आहे?