रजिस्टर हलत होतं, दोष कागदाचा होता

मागच्या श्रावणात छपाईच्या दोन-कलर मशीनवर अंकाचं कव्हर घेतलं होतं. काळा-सायन (निळा) संध्याकाळी मारला, मजेंटा (गुलाबी)-पिवळा दुसऱ्या दिवशी. ग्रिपरकडे, म्हणजे मशीनचे चिमटे शीट पकडतात त्या कडेला, क्रॉस (रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग नीट बसलाय का, ते पाहायच्या खुणा) तंतोतंत. शेपटाकडे, म्हणजे समोरच्या कडेला, मात्र मजेंटा डाव्या कोपऱ्यात उजवीकडे आणि उजव्या कोपऱ्यात डावीकडे, जवळपास अर्धा मिलिमीटर. मी तासभर प्लेटच फिरवत बसलो. एक कोपरा जुळवला की दुसरा पळायचा!

मग वीस शीट ओळीने लावून भिंगातून पाहिले. चूक प्रत्येकावर तेवढीच. साइड ले (शीट बाजूने सरळ लावणारा अडसर) किंवा ग्रिपर ढिला असता तर शीटगणिक बदलली असती. प्लेट तिरकी असती तर दोन्ही कोपरे एकाच दिशेला गेले असते. म्हणजे रात्रभर उघड्या राहिलेल्या थप्पीतला कागदच दमट हवा पिऊन रुंद झाला होता. त्यात ग्रेनही, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशाही, उलटी; कागद वाढतो तो तंतूंना आडवा. ग्रेन सिलिंडरच्या अक्षाला समांतर असता तर वाढ ग्रिपरपासून शेपटाच्या दिशेने गेली असती आणि पॅकिंग (प्लेट-ब्लँकेटखालचे कागद) बदलून बरीच सावरता आली असती.

ती थप्पी रद्दीत गेली. नवा कागद ग्रेन बघून कापला, आदल्या दिवशीच मशीनखोलीत आणून ठेवला, प्लेटला लागणारं पाणी कमी केलं, चारही रंग एकाच दिवशी मारले. मधल्या वेळेत थप्पीवर प्लास्टिक. क्रॉस चारही कोपऱ्यांत बसले.