शिवडीच्या गाळात चिखल्ये बघायचे तर

शिवडीला जाताना नाकाची फार काळजी करू नका. अर्ध्या तासात वास मरतो. शिवाय सांडपाण्याने माजलेल्या त्या गाळात किडे, शिंपले बख्खळ, म्हणून तर सैबेरियापासूनचे पाहुणे तिथे उतरतात: चिखल्ये, म्हणजे प्लोव्हर, आणि गाळात चरणारे त्यांचे सोबती पक्षी.

आधी पंचांग काढा. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईच्या भरतीची वेळ ढोबळ मानाने मिळते, हे कोळ्यांचं गणित. पंचमीला पावणेचार. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पूर्ण ओहोटीला गेलात तर पक्षी लांब गाळात ठिपक्यांएवढे. पाणी चढू लागलं की ते आपणहून काठाकडे सरकतात. शिवडीचा गाळ पूर्वेला, त्यामुळे सकाळी ऊन डोळ्यांत आणि पक्षी नुसते काळे. म्हणून मी पंचमी-षष्ठी धरते आणि भरतीच्या अडीच तास आधी पोचते. पौर्णिमेला लोक हौसेने जातात, पण तेव्हा भरती सव्वाअकराच्या सुमारास. उन्हाशी भांडण ठरलेलं.

बायकांनी स्टेशनवरच आटपून घ्यावं, पुढे सोय नाही. जुने बूट, टोपी, पाणी. ट्रकच्या रस्त्याने कडेकडेनं चाला. दुर्बीण ८×४२ पुरे. बंदर आणि तेलाच्या टाक्यांकडे कॅमेरा वळवू नका, हटकतात.

फ्लेमिंगोंवर सगळे भाळतात. तुम्ही त्यांच्या पायांशी बघा. रंग विसरा, हिवाळ्यात सगळेच मातकट. चोच आणि चाल बघा. चिखल्या धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. छोटा स्टिंट शिलाई मशीनसारखा टोचतच सुटतो. गॉडविट लांब चोच मुळापर्यंत खुपसतो. एप्रिलमध्ये मात्र रंग चढतात: कर्ल्यू सँडपायपर विटकरी होतो, चिखल्याच्या छातीवर तांबूस पट्टा येतो. माझ्या मते खरा मोसम तोच, घाम गाळावा लागला तरी.

फोटोसाठी गाळात उतरू नका. गुडघाभर रुताल ते वेगळंच, पण थवा उठला की प्रवासासाठी साठवलेली त्यांची चरबी फुकट जळते.

एखाद्याच्या पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली रंगीत पट्टी दिसली तर कुठल्या पायात, वर कुठला रंग, खाली कुठला, अक्षरं काय, हे तिथल्या तिथे लिहा आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. फोटो हलला असेल तरी पाठवा.