यूआरएल टर्मिनलमध्ये चिकटवताना या चुका टाळा

दुसरं पान मागितलं तरी कर्ल (टर्मिनलमधून वेबपानं आणणारी कमांड) दर वेळी पहिलंच पान आणत होतं. सर्व्हर बिघडलाय असं धरून मी अर्धी दुपार घालवली. पत्त्याचं शेपूट होतं: ?सिटी=पुणे&पेज=2 (मूळ रोमनमध्ये). टर्मिनलवर मधेच [1] 48213 असं काहीतरी उमटायचं, तिकडे बघितलंच नाही. खरं उत्तर तिथेच होतं. & दिसला की शेल (टर्मिनलमधल्या कमांडा वाचून चालवणारा प्रोग्राम) कमांड तिथेच तोडून बॅकग्राउंडला पाठवतो; तो आकडा त्या जॉबचा. उरलेलं 'पेज=2' त्याला व्हेरिएबल वाटतं, म्हणून एररसुद्धा येत नाही.

? ची गंमत वेगळी: शेलला ती फाइलच्या नावातल्या कुठल्याही एका अक्षराची जागा वाटते, म्हणून तो तशा नावाची फाइल शोधतो. मॅकवर 2019च्या कॅटालिनापासून झेड-शेल डीफॉल्ट आहे. तिथे कोट न लावता असा पत्ता टाकला की 'नो मॅचेस फाउंड'. बॅश हा दुसरा शेल मात्र तशी फाइल सापडली नाही तर पत्ता जसाच्या तसा पुढे ढकलतो. म्हणून मॅक लॅपटॉपवर अडलेली ओळ बॅश असलेल्या सर्व्हरवर बिनबोभाट चालते.

पत्ता नेहमी सिंगल कोटमध्ये ठेवा. डबल कोटने & आणि ? शांत होतात, पण $ तिथेही उलगडतो आणि बॅशच्या प्रॉम्प्टवर ! जुन्या कमांडा उकरून काढतो.

कोट लावूनही दोन ठिकाणी फसगत होते. पत्त्यातले चौकोनी आणि महिरपी कंस कर्ल स्वतः वाचतं, त्यामुळे 'बॅड रेंज' अशी तक्रार येते. स्मॉल जी हा पर्याय दिला की थांबते. दुसरं ठिकाण क्रॉनटॅब, म्हणजे क्रॉन हा प्रोग्राम ठरल्या वेळी आपोआप चालवतो त्या कमांडांची यादी. मराठी विकिपीडियावरच्या 'पुणे' लेखाचा पत्ता ब्राउझरमधून कॉपी केला की त्या एका शब्दाची बहुधा 36 अक्षरं होतात: प, उकार, ण, मात्रा यांचे यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येकी 3 बाइट, आणि % धरून दर बाइटला 3 अक्षरं. म्हणजे 12 वेळा %. क्रॉनला पहिला उघडा % म्हणजे ओळीचा शेवट, कोटबिट तो जुमानत नाही. प्रत्येक % आधी \ लावत बसण्यापेक्षा कमांड स्क्रिप्टमध्ये टाका आणि क्रॉनटॅबमधून स्क्रिप्ट बोलवा.

डाउनलोड रिकामं किंवा चार ओळींचं आलं तर बहुतेक वेळा रीडायरेक्ट असतो, म्हणजे सर्व्हर दुसऱ्या पत्त्याकडे पाठवतो. डब्ल्यूगेट ही कर्लसारखीच कमांड आपणहून त्या पत्त्यावर जाते, कर्लला कॅपिटल एल द्यावा लागतो. आणि कर्लच्या सवयीने डब्ल्यूगेटला स्मॉल ओ देऊ नका: फाइलमध्ये पान नाही, डाउनलोडचा लॉग सापडेल. तिथे कॅपिटल ओ लागतो.