काळ्या रानातली पाणंद पक्की करताना: आधी चुना, मग काथ्या

निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात रस्ता मुरुमाने टिकत नाही. दरसाल मुरूम ओढायचा आणि उसाच्या ट्रॉल्यांनी तो चिखलात दाबायचा, हेच मी कितीतरी वर्षं पाहिलं. दोष खालच्या मातीचा असतो. ती पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून आधी तिच्यावर चुन्याचा इलाज करा.

माती किती फुगते ते बघा. वाळवून 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली 10 ग्रॅम माती एका मापाच्या नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसरीत रॉकेलमध्ये टाका. 24 तासांनी थर मोजा. रॉकेलमध्ये 10 मिली आणि पाण्यात 17 भरले, तर फुगवटा 70 टक्के. पन्नासच्या वर गेला की माती त्रासाची. चुन्याचं नेमकं प्रमाण मात्र प्रयोगशाळेतूनच घ्या. चार दिवस पाण्यात ठेवून केलेली सीबीआर चाचणी मागा, म्हणजे भिजलेली माती किती भार पेलते ते कळतं. मातीत सल्फेटचे क्षार आहेत का तेही विचारा. असतील तर चुन्यानेच ती उलट फुगते.

काळ्या मातीला बहुधा 3 ते 6 टक्के चुना लागतो. खानापूरकडच्या तांबड्या मातीला हा हिशेब लावू नका. 15 सेंटीमीटर जाडीच्या थरात चौरस मीटरला साधारण 240 किलो सुकी माती धरा. 4 टक्क्यांनी 9.6 किलो चुना. तीन मीटर रुंद पाणंदीत 25 किलोचं पोतं दर 87 सेंटीमीटरला. विरवलेला चुनाच घ्या, वारा पडल्यावर पसरा. चष्मा, हातमोजे, गमबूट हवेतच. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन थेट दवाखाना गाठा.

पहिल्या कामात आम्ही चुना टाकून लगेच रोलर फिरवला. पुढे ढेकूळ फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन (चुना असेल तिथे गुलाबी होणारं द्रावण) टाकलं, तर कडा गुलाबी आणि पोटात काळी माती जशीच्या तशी. चुना आत पोचलाच नव्हता. तेव्हापासून रोटाव्हेटर मारून, पाणी शिंपडून एक रात्र मुरू देतो. सकाळी ढेकळं हाताने चुरतात.

काथ्या घालायचा तो आता. मातीच्या अर्धा टक्का, म्हणजे चौरस मीटरला 1.2 किलो, दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे. हाताने पिंजून थोडा थोडा भुरभुरवा. एकदम ओतलात तर त्याचे गोळे होतात आणि तिथेच थर पोकळ राहतो. माती वाफशावर हवी: मूठ आवळली की लाडू व्हावा, बोटाने दाबला की फुटावा. कोरड्या मातीत काथ्या वर तरंगतो. धागा भेगा धरून ठेवतो, पण पुढेमागे कुजणारच. कायमची ताकद चुन्याची. ताग तर काथ्याच्याही आधी कुजतो.

त्याच दिवशी रोलर फिरवा, मधोमध उंचवटा ठेवा, दोन्ही बाजूंना चर काढा. मुरूम नंतर. सात दिवस थर ओला ठेवायचा आणि त्यावर चाक चढू द्यायचं नाही. आम्ही पाणंदीच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या.