कारवारला जाण्याआधी रात्रीचा वारा बघा

बेळगाव-खानापूरहून ऑक्टोबरात पक्षी बघायला कारवार गाठणार असाल, तर आदल्या रात्रीचा वारा तपासा. वटवट्या, खाटीक, माशीमार असे दक्षिणेकडे स्थलांतर करणारे छोटे पक्षी बहुतेक रात्रीच उडतात. निरभ्र आकाश, पाठीशी मंद उत्तरेचा वारा असला की ते थांबत नाहीत. सकाळी झाडं रिकामी. पूर्वेचा जोरदार वारा त्यांना समुद्राकडे ढकलतो, मग उजाडता उजाडता किनाऱ्यावरच्या सुरूत उतरतात. खरी पर्वणी म्हणजे समोरून दक्षिणेचा वारा आणि मध्यरात्रीनंतर पाऊस, मग त्यांना खाली उतरावंच लागतं!

घोटाळा इथं होतो: बहुतेक ॲपमधला बाण वारा जातो तिकडे दाखवतो, ‘ईशान्य वारा’ मात्र ईशान्येकडून येतो.

उजाडल्यापासून दोनेक तास झुडपं बघा. दमलेल्या पक्ष्यांना फोटोसाठी उठवू नका, उरलीसुरली चरबीही त्यात जळते.