आधी उसवायला शिका

वापरलेले कपडे उसवून आपल्या मापाचे करून घ्यायच्या छंदात मी बिघडवलेला पहिला शर्ट अजून जपून ठेवला आहे. वापरलेल्या कपड्यांच्या ढिगातून घेतलेला, माझ्या मापापेक्षा दोन नंबर मोठा, पण कापड असं की सोडवेना. घरी आलो, अंगाला बसणारा शर्ट त्यावर ठेवला, खडूने कडेकडेने रेघ ओढली, रेघेवरूनच कात्री चालवली आणि आतून टीप मारली. शिवणीसाठी माया, म्हणजे रेघेबाहेर थोडं जास्तीचं कापड, सोडायची असते हे तेव्हा गावीही नव्हतं. बटणं लागेनात. उसवून उपयोग नव्हता, कारण कापड आता उरलंच नव्हतं.

त्यानंतर महिनाभर मी कात्री बाजूला ठेवली आणि नुसतं उसवलं. तो बिघडलेला शर्ट, एक फाटकी पँट, एक विटलेला झगा. नवख्यांनी मला विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी हेच सांगतो. शिवणकामाच्या वर्गात महिनोन्महिने जे कळत नाही ते एक शर्ट पूर्ण मोकळा केला की दिसतं. कपडा ज्या क्रमाने शिवला गेला त्याच्या उलट क्रमाने तो उसवत जातो: आधी खालची दुमड आणि कफ, मग बगलेपासून खालपर्यंतची बाजूची शिवण, मग बाही, कॉलर, शेवटी खांदा. म्हणजे उसवणारा माणूस नकळत शिवायचा क्रम पाठ करत असतो. सुटे झालेले भाग इस्त्री करून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवले आणि पेन्सिलीने गिरवले की फुकटात तयार पॅटर्न, म्हणजे कापायचा कागदी साचा, हाती येतो. बाहीचा वरचा भाग पुढच्या आणि मागच्या बाजूला सारखा नसतो, हे मी असंच शिकलो.

उसवायचं कसं, हेही जरा सांगावं लागेल, कारण बहुतेक कपडे तिथेच फाटतात. शिवण दोन्ही हातांनी ताणून मधे ब्लेड घालू नका. मशीनच्या साध्या टिपेत दोन दोरे असतात, एक वरचा आणि एक बॉबिनचा, म्हणजे खालच्या छोट्या रिळाचा. एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका सीम रिपरने, म्हणजे टाके कापायच्या छोट्या हत्याराने, कापत जा, मग कपडा उलटा करून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा. तो अखंड निघून येतो आणि कापडाला धक्का लागत नाही. काही कपड्यांना साखळीटीप (साखळीसारखे एकात एक अडकवलेले टाके) असते, जीन्सच्या खालच्या दुमडीला तर बऱ्याचदा. तिचं योग्य टोक सापडलं तर एका ओढीत सगळी शिवण सरसर सुटते. चुकीच्या टोकाकडून तासभर झटलात तरी नाही. पहिल्यांदा ती सुटली तेव्हा मी उगाचच दुसराही पाय उसवून पाहिला.

आता खरेदी. वापरलेले कपडे घेताना मी आता कपडा बघत नाही, कापड बघतो. फॅशन, कॉलरची तऱ्हा, बाहीची लांबी हे सगळं बदलता येतं. विरलेलं कापड बदलत नाही. म्हणून कपडा उजेडासमोर धरा. काखा, कोपर, गुडघे, बैठक आणि मांडीची आतली बाजू, या जागी कापड पारदर्शक दिसलं तर शिवलेलं फार दिवस टिकणार नाही. शिवणीच्या दोन्ही बाजूंना हलकेच ओढून पाहा. धागे सरकून टाक्यांपाशी फटी पडल्या तर परत ठेवा. तुटलेलं बटण, उसवलेली दुमड, सैल इलॅस्टिक यांना घाबरू नका, ती तासाभराची कामं आहेत. पण नेफ्यातलं इलॅस्टिक बदलता येतं, कापडाच्या विणीतच असलेलं ताणदार सूत मेलं की संपलं. पँटची चेन बदलणं पहिल्या सहा महिन्यांत अंगावर घेऊ नका. काखेतले पिवळे, कडक झालेले डाग बहुधा जात नाहीत. तो भाग कापून टाकता येणार असेल तरच घ्या.

लेबलवरच्या मापावर विश्वास नको, टेप बरोबर ठेवा. कपडा सपाट पसरून बगलेखाली मोजा आणि दुप्पट करा. आणि मोठ्यातून लहान करणं सोपं, लहानाचं मोठं करणं अवघड, हे कायम लक्षात असू द्या. सर्वांत जास्त सलग कापड मोठ्या मापाच्या शर्टात, पडद्यात आणि चादरीत मिळतं. पँटमध्ये वाटतं तेवढं नसतं, पाय खाली निमुळते होत जातात.

घरी आणल्यावर लगेच धुवा, कापायच्या आधी. ढेकूण आणि त्यांची अंडी 60 अंश सेल्सियसच्या धुण्यात मरतात. ज्याला गरम पाणी चालत नाही तो कपडा पिशवीत बंद करून उणे 18 अंशाच्या फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवतात. लोकरीला मात्र गरम पाणी आणि घुसळण दाखवू नका. माझा एक स्वेटर त्यात आटून बाहुलीच्या मापाचा झाला. पण त्यातूनही एक गोष्ट कळली: अशी आटलेली लोकर नमद्यासारखी घट्ट होते, कापली तरी तिच्या दशा निघत नाहीत. त्या स्वेटरचं चष्म्याचं पाकीट झालं, कडा न दुमडता.

लेबल नसेल तर कापड ओळखायला आतल्या मायेतले दोन-चार धागे काढा आणि चिमट्यात धरून धातूच्या ताटलीवर जाळा, शेजारी पाणी ठेवून. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. लोकर आणि रेशीम जळल्या केसांसारखे वास मारतात. पॉलिस्टर वितळतं, थंड झाल्यावर कडक मणी होतो. ही माहिती फक्त हौसेची नाही, इस्त्री आणि रंग दोन्ही तिच्यावर ठरतात. इस्त्रीवरच्या एका ठिपक्याचा अर्थ साधारण 110 अंश, दोनचा 150, तीनचा 200. पॉलिस्टरवर तीन ठिपके लावलेत तर चकाकणारा डाग कायमचा बसतो.

रंगवण्याबद्दल थोडक्यात. सुती, लिनन आणि व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून केलेलं सूत) कापडाला घरी रिअ‍ॅक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जुळवणारा रंग, चांगला बसतो, धुण्याचा सोडा घालून. पॉलिस्टरला तो धरतच नाही. निम्मं सूत, निम्मं पॉलिस्टर असेल तर काळ्या रंगात बुडवूनही राखाडी निघतं. आणि शिवणीचा दोरा बहुधा पॉलिस्टरचा असतो, त्यामुळे गडद निळ्या झालेल्या शर्टावर पांढऱ्या टिपा उठून दिसतात. मला त्या आवडायला लागल्यात, पण आधी माहीत असाव्यात.

हत्यारं फार लागत नाहीत. टेप, खडू, टाचण्या, सीम रिपर, फक्त कापडासाठी राखलेली एक कात्री आणि इस्त्री. मशीन उसनी चालते, इस्त्री घरची हवी. प्रत्येक टिपेनंतर शिवण दाबली नाही तर कितीही सरळ शिवलं तरी घरगुती दिसतं. मशीनच्या सुया मात्र हलक्या घेऊ नका. सुईवरचा मोठा आकडा म्हणजे तिच्या जाडीच्या मिलिमीटरला शंभराने गुणलेलं, 80 म्हणजे 0.8 मिलिमीटर. पातळ कापडाला 70, नेहमीच्या शर्टाला 80, जीन्सला 90 किंवा 100. टाके सुटायला लागले की लोक मशीनला दोष देतात. निम्म्या वेळा सुई बोथट झालेली असते.

टी-शर्टसारख्या विणलेल्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाची गोष्ट वेगळी. मी एक टी-शर्ट साध्या सरळ टिपेने आत घेतला, छान दिसला, आणि डोक्यातून घालताना तटातट तुटला. कापड ताणतं, सरळ टीप ताणत नाही. तिथे गोल टोकाची, बॉलपॉइंट म्हणतात ती सुई आणि अगदी अरुंद झिगझॅग वापरा, एक मिलिमीटरच्या आसपास रुंद.

शर्ट अंगासरशी करायचा तर तो उलटा घालून दोन्ही बाजूंना टाचण्या लावा. काढल्यावर दोन्हीकडचं अंतर मोजून सारखं करा, आरशासमोर वाकून लावलेल्या टाचण्या कधीच सारख्या नसतात. मग आधी हाताने कच्चा धागा, घालून पाहणं, मग मशीन, आणि कात्री सगळ्यांत शेवटी. प्रत्येक बाजूला दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत घेतलं तर चालतं. त्याहून जास्त घेतलं की मुंढा (बाही जोडतात ती बगलेची गोलाई) ओढला जातो आणि हात वर केला की सगळा शर्ट वर येतो. खांद्याची शिवण दंडावर दोन बोटांपेक्षा जास्त उतरत असेल तर तो शर्ट नवख्याने शर्ट म्हणून वाचवू नये, कापड म्हणून वापरावा. उंची वाढवायला दुमड सोडाल तर जुन्या घडीची रेघ दिसते. सुरकुती ओल्या कापडाने आणि वाफेने बरीच जाते, पण घडीवर उडालेला रंग परत येत नाही. मी तिच्यावर मुद्दाम दोन रंगीत टिपा मारतो.

माझं आवडतं काम म्हणजे कॉलर उलटणं. शर्ट बाकी धडधाकट असतो आणि मानेपाशी कॉलरची घडी तेवढी झिजलेली असते. कॉलरचा वरचा भाग गळ्याभोवतीच्या पट्टीपासून सोडवायचा, मधोमध खूण करायची, उलटा करून त्याच फटीत पुन्हा बसवायचा. झिजलेली बाजू खाली जाते. कॉलरच्या टोकांना काजं असतील तर मात्र हे जमत नाही. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात, जून 1941 पासून, कपड्यांचं रेशनिंग होतं आणि ते 1949 पर्यंत चाललं. तेव्हा असल्या युक्त्यांना हौस कोणी म्हणत नव्हतं. कॉलर उलटणं एका दुपारीत होणारं काम आहे, खर्च दोऱ्याचा.

खर्चाचा विषय निघाला म्हणून सांगतो: पहिल्या वर्षी माझे पैसे कपड्यांवर गेलेच नाहीत, ‘कधीतरी उपयोगी पडेल’ यावर गेले. लेस, बकल, अर्धा मीटर अस्तर, आणि स्वस्त मिळाले म्हणून आणलेले, अजून न उसवलेले अकरा शर्ट. आता अर्धवट कामं तीनच ठेवायची असा नेम आहे, चौथं आणायचं तर एक पुरं करायचं. बटणं, चेन, इलॅस्टिक मी चिंधी होणाऱ्या कपड्यांतून काढून ठेवतो. एकाच शर्टाची बटणं एका दोऱ्यात ओवून, नाहीतर सहा लागतात तिथे पाच सापडतात. अस्तराचा कोट, सोन्यासारखा मिळाला तरी, पहिल्या वर्षी घेऊ नका. माझा अजून तुकड्यांत आहे.

पुढे ओळखीचे लोक कपडे आणून देऊ लागतात. दर ठरवताना उसवायचा वेळ धरा, तो शिवायच्या वेळापेक्षा जास्त असतो आणि गिऱ्हाइकाला दिसत नाही. कापण्याआधी फोटो काढा. काय करायचं ते त्यांच्यासमोर लिहून घ्या, आणि काय करायचं नाही तेही. एकाने वडिलांचा शर्ट दिला होता. वडील गेलेले, त्याला उशीचा अभ्रा हवा होता. खिशावर शाईचा मोठा डाग होता. तो काढायला मी स्पिरिटचा बोळा हातात घेतला आणि कसं कोण जाणे, आधी फोन केला. ‘डाग राहू दे,’ तो म्हणाला, ‘त्याच्यासाठीच हा शर्ट निवडला.’ मग शर्टाची पुढची बाजू तशीच अभ्र्याची वरची बाजू केली, खिसा आणि डागासकट. बटणपट्टी मधोमध आली, तेच अभ्र्याचं तोंड झालं आणि चेन लावायचं काम वाचलं.